कॅनडाची सिनेट सुधारता का येत नाही?

विचारलेला प्रश्न असा आहे: कॅनडाच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, एकही सदस्य निवडून येत नाही. सगळ्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या शिफारशीवरून गव्हर्नर जनरल करतात आणि एकदा नेमलेला सदस्य वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत तिथे बसू शकतो. हे बदलायला हवे असे तिथले बहुतेक सर्व पक्ष कधी ना कधी म्हणाले आहेत. मग एका प्रगल्भ लोकशाहीला ते जमत का नाही, आणि आपल्याकडे राज्याची विधान परिषद जशी एका ठरावाने आणि एका साध्या कायद्याने आणता किंवा घालवता येते, तशी वाट तिथे का नाही?

विधेयकांचे मसुदे लिहिण्यात आणि दुसऱ्यांचे मसुदे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या कामात एक सवय लागते. कोणी ‘फक्त एवढा एक शब्द बदलायचा आहे’ असे म्हणाले की तो शब्द आणखी कुठकुठल्या कलमांना आधार देतो हे आधी पाहायचे. सिनेटच्या बाबतीत असे पाहिले तर दिसते की सदस्य निवडण्याची पद्धत, सभागृहाचे अधिकार आणि प्रांतवार जागांची वाटणी या तिन्ही गोष्टींची एकच गाठ आहे. एक धागा सैल करायला गेले की उरलेले दोन आवळतात. घटनादुरुस्तीची अवघड प्रक्रिया हे कारण सगळे देतात आणि ते खरेही आहे, पण माझ्या मते ते दुसऱ्या क्रमांकाचे कारण आहे.

ही गाठ कशी पडली हे समजण्यासाठी १८६४ च्या ऑक्टोबरात जावे लागते. ब्रिटिश उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींचे प्रतिनिधी क्वेबेक शहरात संघराज्याचा आराखडा ठरवायला जमले. चौदा दिवसांच्या चर्चेतले सहा दिवस एकट्या वरिष्ठ सभागृहावर खर्च झाले. कनिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ कॉमन्समध्ये, लोकसंख्येच्या प्रमाणात जागा असाव्यात ही ऑन्टारिओवाल्यांची मागणी होती. फ्रेंचभाषक क्वेबेकला तशा सभागृहात आपण कायमचे अल्पमतात जाऊ ही भीती होती. अटलांटिक किनाऱ्यावरचे छोटे प्रांत तर त्याहून धास्तावलेले होते. तोडगा असा निघाला की कॉमन्समध्ये लोकसंख्या चालेल, पण सिनेटमध्ये विभागांना समान जागा असतील: ऑन्टारिओला २४, क्वेबेकला २४ आणि किनाऱ्यावरच्या या सागरी प्रांतांना मिळून २४. म्हणजे सिनेट ही संघराज्यात येण्याची किंमत होती, आणि ज्यांना ती मिळाली त्यांचे वारस तिच्यावर आजही हक्क सांगतात.

सदस्य नेमलेले असावेत हेही भोळेपणाने ठरले नव्हते. त्या वेळच्या कॅनडा प्रांतात, म्हणजे आजच्या ऑन्टारिओ आणि क्वेबेकमध्ये, वरिष्ठ सभागृहाची निवडणूक १८५६ पासून सुरू झालेली होती, म्हणजे संघराज्याचे शिल्पकार जॉन मॅकडॉनल्ड आणि जॉर्ज ब्राउन यांनी निवडून आलेले वरिष्ठ सभागृह प्रत्यक्ष पाहिले होते, आणि तरीही ते नेमणुकीकडे परतले. दोन्ही सभागृहांना मतदारांचा कौल असेल तर जबाबदार मंत्रिमंडळ नेमके कोणापुढे जबाबदार, हा त्यांचा पेच होता. आजचे सुधारक हा पेच अनेकदा विसरतात, म्हणून मुद्दाम सांगितला.

आता जागांकडे पाहा. पश्चिमेकडचे प्रांत नंतर आले. मॅनिटोबा, सस्कॅचवान, अल्बर्टा आणि ब्रिटिश कोलंबिया या चौघांना मिळून २४, म्हणजे प्रत्येकी ६ जागा मिळाल्या. पुढे न्यूफाउंडलंडच्या ६ आणि तीन उत्तरी प्रदेशांची प्रत्येकी एक धरून आजचा आकडा १०५ होतो. २०२१ च्या जनगणनेत ब्रिटिश कोलंबियाची लोकसंख्या ५० लाख होती, सागरी प्रांतांपैकी एक असलेल्या न्यू ब्रन्सविकची पावणेआठ लाख. पहिल्याला ६ सिनेटर आहेत, दुसऱ्याला १०. अमेरिकेप्रमाणे ‘प्रत्येक राज्याला समान’ हे तत्त्वही यात नाही आणि लोकसंख्येचे प्रमाणही नाही. एकोणिसाव्या शतकातला एक सौदा आहे, तो जसाच्या तसा पुढे आला आहे.

अधिकारांचे चित्र त्याहून चमत्कारिक आहे. कागदावर सिनेटचे अधिकार कॉमन्सच्या जवळजवळ बरोबरीचे आहेत. अर्थविधेयक तिथे मांडता येत नाही आणि घटनादुरुस्तीचा ठराव तिला १८० दिवसांपलीकडे अडवता येत नाही, एवढे अपवाद सोडले तर कुठलेही विधेयक ती पूर्णपणे नाकारू शकते. आपल्याकडे मतभेद झाला तर राज्यसभा आणि लोकसभा यांची संयुक्त बैठक बोलावता येते. कॅनडात तशी तरतूदच नाही. आहे ते १८६७ च्या घटना कायद्याचे कलम २६: चार किंवा आठ जादा सिनेटर नेमून बहुमत फिरवायचे. ते एकदाच वापरले गेले, १९९० मध्ये. वस्तू आणि सेवा कराचे विधेयक लिबरल बहुमताच्या सिनेटने रोखून धरले होते; तेव्हा पंतप्रधान ब्रायन मलरोनी यांनी राणीच्या संमतीने आठ जादा सिनेटर बसवले, आणि त्यानंतर त्या सभागृहात शिट्ट्या आणि पिपाण्या वाजवून कामकाज बंद पाडण्यापर्यंत मजल गेली. पुढच्याच वर्षी, ३१ जानेवारी १९९१ रोजी, गर्भपातासंबंधीचे सरकारी विधेयक सिनेटमध्ये ४३ विरुद्ध ४३ अशा समसमान मतांमुळे पडले. तिथल्या नियमाप्रमाणे समसमान मते म्हणजे नकार.

अशी उदाहरणे मोजकीच का, हा खरा प्रश्न आहे. एवढे अधिकार असूनही सिनेट ते क्वचित वापरते, कारण आपल्याला कोणी निवडून दिलेले नाही याची जाणीव तिला असते. हीच लाज तिचा लगाम आहे. कायद्याच्या पुस्तकात तो कुठे लिहिलेला नाही, पण त्यावर सगळी व्यवस्था चालते. उद्या हेच १०५ सदस्य मतदारांकडून निवडून आले तर त्यांनी संकोच का करावा? तेव्हा पूर्ण नकाराधिकार असलेले सभागृह खऱ्या अर्थाने जागे होईल, आणि त्यात न्यू ब्रन्सविकच्या एका मताचे वजन ब्रिटिश कोलंबियाच्या मताच्या दहापटीहून अधिक असेल. ‘आधी निवडणूक सुरू करू, बाकीचे नंतर पाहू’ हा मार्ग वरवर व्यवहारी दिसतो, पण तो जागांमधला अन्याय घटवत नाही, उलट त्याला बळ देतो. अल्बर्टातल्या सुधारणावाद्यांना हे नीट कळले होते, म्हणून त्यांची मागणी तिहेरी होती: निवडून आलेली, समान जागांची आणि परिणामकारक सिनेट. बर्ट ब्राउन नावाच्या शेतकऱ्याने तर शेजाऱ्याच्या बार्लीच्या शेतात नांगराने ही मागणी अवाढव्य अक्षरांत कोरली होती, आकाशातून वाचता यावी अशी. अल्बर्टाने १९८९ मध्ये स्वतःच्या कायद्याखाली सिनेटच्या जागेसाठी निवडणूक घेतली आणि जिंकलेल्या स्टॅन वॉटर्स यांना मलरोनींनी पुढच्या वर्षी नेमलेही. ब्राउन स्वतः २००७ मध्ये सिनेटर झाले. पण क्वेबेक किंवा न्यू ब्रन्सविक समान जागांना ‘हो’ का म्हणतील, याचे उत्तर त्या शेतात कोरलेले नव्हते.

आता प्रक्रियेकडे. १९८२ च्या घटना कायद्यानुसार सिनेटचे अधिकार, सदस्य निवडण्याची पद्धत आणि प्रांतवार जागा बदलायच्या असतील तर संसदेबरोबर दहापैकी किमान सात प्रांतांच्या विधिमंडळांची संमती लागते, आणि त्या प्रांतांची लोकसंख्या सर्व प्रांतांच्या एकूण लोकसंख्येच्या निम्मी तरी असावी लागते. त्यावर १९९६ च्या एका साध्या कायद्याने आणखी अट घातली: ऑन्टारिओ, क्वेबेक, ब्रिटिश कोलंबिया, तसेच प्रेअरी आणि अटलांटिक या दोन विभागांतल्या पुरेशा प्रांतांची संमती आल्याशिवाय मंत्र्याने असा ठराव संसदेत आणायचाच नाही. प्रेअरीतली (मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टा यांची मिळून) निम्म्याहून अधिक लोकसंख्या अल्बर्टात असल्यामुळे अल्बर्टालाही प्रत्यक्षात नकाराधिकार मिळाला. शिवाय १९८२ च्या घटनेलाच क्वेबेकच्या सरकारने आजवर मान्यता दिलेली नाही, त्यामुळे घटनेची चर्चा उघडली की क्वेबेकचे जुने दुखणे पहिल्या पानावर येते. घटनादुरुस्तीसाठी केंद्र आणि प्रांतांनी केलेला १९८७ चा मीच लेक करार १९९० मध्ये मुदतीत संमती न मिळाल्याने मेला. तशाच १९९२ च्या शार्लटाउन करारात प्रत्येक प्रांताला सहा निवडलेले सिनेटर देऊ केले होते, पण तो करार सार्वमतात पडला. त्यानंतर कुठल्याही पंतप्रधानाला ते दार पुन्हा उघडावेसे वाटलेले नाही, आणि मला त्यात नवल वाटत नाही.

दार बंद म्हणून खिडकीतून जाण्याचा प्रयत्न तेव्हाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी केला, आणि मसुदाकार म्हणून मला तोच सर्वांत रंजक वाटतो. २०११ च्या त्यांच्या विधेयकात घटनेच्या मजकुराला शक्य तितका कमी हात लावला होता. प्रांतांनी निवडणूक घ्यावी. तिचा निकाल पंतप्रधानांवर बंधनकारक नसेल, त्यांनी शिफारस करताना तो फक्त विचारात घ्यायचा. आणि सिनेटरची मुदत नऊ वर्षे करायची. युक्तिवाद असा होता की नेमणूक गव्हर्नर जनरलच करतात, शिफारस पंतप्रधानच करतात, मग बदलले काय? २५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दिलेल्या अभिप्रायात हा युक्तिवाद फेटाळला. घटनेला एक अंतर्गत रचना असते, एकही शब्द न बदलता ती रचना बदलली तरी ती घटनादुरुस्तीच होते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. सल्ल्यापुरती म्हणून घेतलेली निवडणूक सिनेटला लोकांचा कौल देते, आणि शांत डोक्याने दुसऱ्यांदा विचार करणारे पूरक सभागृह हे तिचे मूळ स्वरूपच पालटते. मुदतीबद्दलही तेच: पुन्हा नेमणुकीची किंवा पुढच्या नोकरीची चिंता नसणे हा सिनेटरच्या स्वातंत्र्याचा आधार आहे. म्हणून निवडणूक आणि मुदत या दोन्हींसाठी सात प्रांतांची अट, आणि सिनेट पूर्ण रद्द करायची तर दहाही प्रांतांची संमती.

अभिप्रायावर पुष्कळांनी ‘न्यायालयाने सुधारणेचा गळा घोटला’ अशी टीका केली. मी त्यांच्यात नाही. निवडणुकीचा निकाल पंतप्रधान खुशाल बाजूला ठेवू शकतात असे खरोखर असते तर निवडणूक घ्यायचीच कशाला? विधेयकाचा सगळा हेतू त्या निकालाला नैतिक जोर मिळावा हाच होता, आणि तो जोर मिळाला की कायद्याचा ‘बंधनकारक नाही’ हा शब्द पोकळ ठरला असता. मसुदा चतुर होता, पण इतका चतुर मसुदा न्यायालयापुढे फार टिकत नाही, हे आम्ही मंडळी स्वतःच्या फजितीतून शिकतो.

पुढे खर्चाच्या गैरव्यवहारांनी सिनेट बदनाम झाली, २०१५ मध्ये हार्पर यांनी नव्या नेमणुका करणार नाही असे जाहीर केले आणि रिकाम्या जागा वीसच्या वर गेल्या. महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. राज्यपालनियुक्त बारा आमदारांचा प्रश्न २०२० पासून जवळजवळ चार वर्षे कसा लोंबकळला ते आपण पाहिले आहे. नेमणुकीच्या अधिकारातच नेमणूक न करण्याचा अधिकारही लपलेला असतो, आणि त्याला मुदत घालायचे दोन्ही घटनाकारांना सुचले नाही.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग विधान परिषदेचा. आपल्या घटनेच्या अनुच्छेद १६९ खाली राज्याच्या विधानसभेने विशेष बहुमताने ठराव केला की संसद साध्या कायद्याने परिषद रद्द करू शकते, आणि तो कायदा घटनादुरुस्ती मानला जात नाही. आंध्र प्रदेशात १९८५ मध्ये परिषद गेली, २००७ मध्ये परत आली. हे सोपे आहे कारण परिषदेच्या स्वतःच्या संमतीची गरज नाही आणि तिसऱ्या कोणाचा करार मोडत नाही. कॅनडाच्या प्रांतांमध्येही नियुक्त वरिष्ठ सभागृहे होती, आणि ती सगळी रद्द झाली. शेवटचे क्वेबेकचे, १९६८ मध्ये, सदस्यांच्या निवृत्तिवेतनाची सोय करून. नोव्हा स्कोशियाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. तिथल्या परिषदेच्या सदस्यांनी पेन्शनचे आमिष नाकारले आणि स्वतःला रद्द करायला नकार दिला. प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, एडगर ऱ्होड्स यांनी प्रकरण त्या काळच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, नेले. परिषदेच्या सदस्यसंख्येला वरची मर्यादाच नाही असा निर्णय आला, आणि मग रद्द करायला तयार असलेले पुरेसे सदस्य भरून १९२८ मध्ये परिषदेच्याच मताने परिषद संपवली. हे मार्ग सिनेटला लागू पडत नाहीत, कारण सिनेटमागे प्रांताप्रांतांमधला सौदा आहे. जादा सदस्यांवर कलम २६ ची मर्यादाही आहे.

मग गेल्या दशकात काही बदललेच नाही का? बदलले, आणि जे बदलले ते कायद्याबाहेर. लिबरल पक्षाचे तेव्हाचे नेते जस्टिन ट्रुडो यांनी २९ जानेवारी २०१४ रोजी, म्हणजे न्यायालयाच्या अभिप्रायाच्या तीन महिने आधी आणि स्वतः विरोधी बाकांवर असताना, ३२ लिबरल सिनेटरांना पक्षाच्या संसदीय गटातून बाहेर काढले. सत्तेवर आल्यावर, २०१६ मध्ये, त्यांनी एक सल्लागार मंडळ नेमले: तीन कायम सदस्य, आणि ज्या प्रांतातली जागा असेल तिथले दोन. कोणीही नागरिक अर्ज करू शकतो. मंडळ नावे सुचवते. पंतप्रधान त्यातून निवडतात. परिणाम मोठा झाला. काही वर्षांतच बहुसंख्य सिनेटर कुठल्याही पक्षाचे नाहीत अशी स्थिती आली, त्यांचे वेगवेगळे गट झाले, आणि कॉन्झर्व्हेटिव्ह तेवढे पक्षाच्या गटात राहिले. घटनेत मात्र यासाठी एक अक्षर हलले नाही. म्हणून उद्याचा पंतप्रधान हे मंडळ एका सहीने बंद करू शकतो, आणि त्यात बेकायदा काहीही नसेल. ट्रुडोंनी स्वतःचा हात बांधून घेतला, पण दोरीचे टोक पंतप्रधानांच्याच मुठीत राहिले.

या नव्या सिनेटचे काम कसे चालते, याचे एक उदाहरण जवळून पाहा. २०१६ मध्ये वैद्यकीय साहाय्याने मृत्यू स्वीकारण्यासंबंधीचे विधेयक कॉमन्सकडून आले. ज्याचा नैसर्गिक मृत्यू नजीकच्या काळात अपेक्षित आहे अशाच रुग्णाला ही मुभा, अशी त्यात अट होती. सर्वोच्च न्यायालयाने आदल्या वर्षी दिलेल्या निकालात अशी अट नव्हती, म्हणून ही अट न्यायालयात टिकणार नाही असे सांगत सिनेटने ती काढून विधेयक परत पाठवले. कॉमन्सने ती अट पुन्हा घातली. सिनेटकडे तेव्हाही पूर्ण नकाराधिकार होता. तरी १७ जून रोजी तिने निवडून आलेल्या सभागृहापुढे मान तुकवली. २०१९ मध्ये क्वेबेकच्या न्यायालयाने तीच अट घटनाबाह्य ठरवली आणि २०२१ मध्ये संसदेने ती काढून टाकली. यात दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. माझे मत असे की सिनेटने बरोबर तेच केले जे तिने करायला हवे होते: चूक दाखवली, कारणे नोंदवली आणि बाजूला झाली. अपक्ष सदस्य वाढल्यावर मात्र ही मर्यादा आपोआप टिकेल असे मानता येत नाही, कारण पक्षादेश नसलेला आणि गुणवत्तेवर निवडला गेल्याची भावना असलेला सिनेटर पूर्वीच्या पक्षनियुक्तापेक्षा कमी संकोची असतो. लगाम लाजेचा होता, हे मी वर म्हटलेच आहे.

म्हणून मला कोणी मसुदा करायला सांगितला तर मी निवडणुकीपासून सुरुवात करणार नाही. आधी अधिकार बांधीन. घटनेतून नकाराधिकार काढायला सात प्रांत लागतात हे खरे, पण कॉमन्सने एकदा कारणांसह नकार दिल्यावर त्याच दुरुस्तीचा पुन्हा आग्रह धरायचा नाही, असा ठराव सिनेट स्वतः करू शकते आणि आपल्या कामकाजाच्या नियमांत तो उतरवू शकते. त्याला न्यायालयात किंमत नसेल, पण ब्रिटनमध्ये सरकारच्या जाहीरनाम्यातले विधेयक दुसऱ्या वाचनाला पाडायचे नाही हा हाउस ऑफ लॉर्ड्सचा संकेत असाच कायद्याबाहेर अनेक दशके चालला आहे. अधिकार आक्रसले की जागांच्या विषमतेची धार कमी होते. धार कमी झाली तर प्रांत त्या वाटणीबद्दल निदान बोलायला बसू शकतात. निवडणुकीचा विचार त्यानंतर, आणि कदाचित तेव्हा तिची गरजही वेगळी दिसेल.

एका गोष्टीला मात्र एवढा खटाटोप लागत नाही. १८६७ च्या घटना कायद्यात सिनेटर होण्यासाठी संबंधित प्रांतात ४,००० डॉलर किमतीची स्थावर मालमत्ता आणि तेवढीच एकूण संपत्ती असावी लागते. त्या काळी ती मोठी रक्कम होती, आता ती नुसती अडगळ आहे. १९९७ मध्ये नोव्हा स्कोशियातल्या पेगी बट्स या कॅथलिक जोगिणीची नेमणूक झाली. दारिद्र्याचे व्रत घेतलेल्या बाईंच्या नावावर काहीच नव्हते, तेव्हा त्यांच्या संघाने जमिनीचा एक लहानसा तुकडा त्यांच्या नावावर करून दिला आणि मग त्या सिनेटमध्ये बसल्या. २०१४ च्या अभिप्रायात न्यायालयाने स्पष्ट सांगितले की एकूण संपत्तीची अट संसद एकटीच, साध्या कायद्याने, काढू शकते. स्थावर मालमत्तेची अट पूर्ण काढायला त्याखेरीज क्वेबेकची संमती तेवढी लागेल, कारण तिथल्या सिनेटरांना ती अट ठरावीक चोवीस विभागांपैकी एकाशी जोडते. त्यानंतरच्या दहा वर्षांत या दोन्हींपैकी एकही अट गेली नाही.